माळवदावरची माती

७ फेब्रुवारी
अभय आला. अकरा वर्षांनी पेटी घेऊन आला. मध्ये यायचा तो पाहुण्यासारखा, सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. आता एप्रिलअखेरपर्यंत आहे. गावाबाहेरची पांढर उकरायची परवानगी मिळाली आहे त्याला. जुन्या वस्तीची ती टेकडी. गाव पिढ्यान् पिढ्या छपरांसाठी तिथूनच माती आणतं. बरोबरची चार मुलं शाळेत उतरली आहेत, हा घरी.
पुढच्या स्लॅबच्या खोलीत गादी घातली होती. त्यानं ती उचलून मागे नेली, माळवदाच्या, मातीच्या छपराच्या खोलीत. म्हटलं, तिथे वरून माती पडते. "मला मातीचं काय सांगतेस, आई."
पूर्वी असं काही बोलला की स्वतःच आधी हसायचा. आज हसला नाही.
एकेचाळीस. कानांवर पांढरे दिसायला लागलेत.

१२ फेब्रु.
पांढरीवर एक माणूस सापडला. अर्धा. कमरेखाली सगळा शाबूत, वर काही नाही. दोन्ही हातांची बोटं मांड्यांशी आहेत, मनगटाच्या वर मात्र हात नाहीत. एका बोटात अंगठी, तिच्यावर बारीक अक्षरं. अ. जेवताना सांगत होता. ग्रीक, म्हणजे आपल्याकडचे जुने लोक ज्यांना यवन म्हणायचे ते. गोदावरीच्या काठाकाठानं व्यापाराला यायचे. अंगठीवर नाव आहे, फिलोन.
"वरचा भाग कुठे गेला?" मी विचारलं.
"कापून नेल्यासारखा गेलाय. कुणीतरी माती नेली, त्यात गेला. तीस-एक वर्षांपूर्वी असेल."
गयाबाई भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी आमटीकडे.

१३ फेब्रु.
काल लिहिलं नाही ते लिहिते. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, पाप सांगताना आडवळण घेऊ नये. आम्ही हिंदू मुली चर्चमधल्या कबुलीजबाबाच्या लाकडी खोक्याबाहेर उभ्या राहून ख्रिश्चन मुलींचा हेवा करायचो. त्यांना सांगायला जागा होती.
अभय नऊ वर्षांचा होता. माळवद गळत होतं, ह्यांनी ते उतरवून नवं करायला काढलं. पांढरीची माती गाड्यांनी आली. पसरताना गडी थांबले, मातीत हाडं आहेत म्हणाले. हे परभणीला गेलेले. आभाळ भरून आलेलं, घर वरून उघडं. मी म्हणाले, "जनावराची असतील. घाला."
घातली. वर माती, चोपणं, पुन्हा माती.
त्यातला एक मणी मी ठेवून घेतला, काळा-पांढरा, पट्ट्यांचा. माझ्या शाळेच्या कंपासपेटीत आहे. तोच मणी बघून बघून अभय हा असा झाला. दुसरी मुलं गोट्या खेळायची, हा विचारायचा, आई, हा कुणाचा होता?

२ मार्च
दुपारी मागच्या दारी हसणं ऐकलं. हातातलं वाटण तसंच राहिलं. अभयचं हसणं, ते जुनं, श्वास अडकून मग सुटणारं. अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.
खिडकीतून पाहिलं. अ. पायरीवर मोसंबी सोलत होता. शेजारी कुणीतरी बसलेलं, अभयचा निळा स्वेटर घातलेलं. एवढ्या उन्हात स्वेटर. दाढी, दाट केस. अ. फोड सोलून त्याच्या हातावर ठेवत होता आणि तो खात नव्हता, नुसता वास घेत होता.
मी आत आले. मुलाचं असं काही आईनं बघू नये. पूर्वीही एकदा पाहिलं होतं, तेव्हा मात्र आत आले नव्हते.
संध्याकाळी पायरीवर पांढऱ्या मातीचा ठसा होता. बसलेल्या माणसाचा. मोसंबीच्या फोडी तिथेच, पार वाळून चिपाड झालेल्या.

५ मार्च
गयाबाई पायरी झाडत नाही.
"बाई, दादा कोणासंगं बोलायलेत ते आमाला ठावं हाय. तुमी इचारू नका, आमी सांगत न्हाई."
मग सांगितलंच. त्या वर्षी पांढरीच्या त्याच कोपऱ्यातून तीन घरांनी माती नेली होती. पाटलांनी गोठ्यावर, मास्तरांनी पडवीवर, आपण मागच्या खोलीवर. आता गेल्या दिवाळीनंतर पाटलांचा गोठा बसला, दोन बैल गेले. "पावसाचा थेंब न्हाई, वारं न्हाई. बसला. खोदायच्या आधी दादा जागा बघायला आल्ते की न्हाई, त्याच आठवड्यात. कोणी जागं केलं, बाई?"
म्हटलं, जुनी छपरं बसतातच.
"हां, बसतात. बसू द्या की."

११ मार्च
आज तो बोलला माझ्याशी, पायरीवरचा.
दुपारचे बारा. अ. पांढरीवर होता. मी मागच्या खोलीत त्याचे कपडे आवरत होते. कोपऱ्यात उभा होता. भीती वाटली असं लिहायला हवं, पण आधी वाटलं ते हे की स्वेटरची कोपराची उसवण अजून शिवायची राहिली आहे.
"बाई, बसा की. उभ्या का ऱ्हायल्या?"
गयाबाईची बोली. अगदी तिचा हेल. मी पाहतच राहिले तर पुढे म्हणाला, "ऐकलंस का, तो पंखा जरा कमी कर." हे तर ह्यांचं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ह्या खोलीत ह्यांच्या आजारपणात रोज ऐकलेलं वाक्य.
मी खाली बसले.
बत्तीस वर्षं हा फिलोन आमच्या डोक्यावर आहे, माळवदाच्या मातीत. आमची भाषा त्यानं छपरातून ऐकून घेतली. जे खाली बोललं गेलं तेवढंच त्याला येतं. थोडी गयाबाई, थोडे हे, अभयची पाठांतरं, आणि मी.
"तुमचं विंग्रजी पण येतंय," म्हणाला. "तुमी दोनदा मोठ्यानं वाचलं होतं. ते कागदावरचं."
तेव्हा भीती वाटली.

१२ मार्च
तो कागद.
सु. अकरा वर्षांपूर्वी पुण्याला अभयच्या कॉलेजात संशोधनाला होता. सुट्टीत इथे आला होता, पंधरा दिवस राहिला, गयाबाईला चहा करून द्यायचा. चांगला मुलगा. मी त्या दोघांना एकत्र पाहिलं आणि महिन्यानं सु.ला पत्र लिहिलं. इंग्रजीत, माझ्या वळणदार कॉन्व्हेंट अक्षरात. अभयचं लग्न ठरलं आहे, मुलगी त्याला पसंत आहे, तुम्हाला सांगायचा संकोच वाटतो त्याला, तेव्हा तुम्हीच समजूतदारपणा दाखवा. लग्न ठरलं नव्हतं. मुलगी नव्हती. मागच्या खोलीत दार लावून दोनदा मोठ्यानं वाचलं, स्वल्पविराम तपासायला. एकही चूक नव्हती.
सु. गेला. परदेशात आहे म्हणतात. अभयला का ते कधीच कळलं नाही. त्याला वाटतं तो कंटाळला.
आणि छपरात हा ऐकत होता.

२० मार्च
अ. वाळत चालला आहे. अंथरूण झटकलं की माती. उशीवर, चादरीच्या घड्यांत. तो खोकतो ते पांढरं. मी डॉक्टरचं काढलं तर म्हणाला, धूळ आहे गं, आमच्या धंद्यात असते.
मग जेवता जेवता एकदम, "तुला दिसतो ना?"
"दिसतो."
"मला वाटलंच. तू स्वेटर शिवलास."
मी वाढायला लागले. त्यानं माझं मनगट धरलं, लहानपणी धरायचा तसं. "आई, मला चांगलं चाललंय. एवढंच. विचारू नकोस बाकी."
नाही विचारलं. एवढं तरी शिकले आहे.

२ एप्रिल
मास्तरांची पडवी बसली. सकाळी दहा वाजता. मास्तर खाली पेपर वाचत होते. बाहेर काढलं तेव्हा हातात पेपर तसाच होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान. अभयला मुळाक्षरं त्यांनीच शिकवली.
अ. खांदा द्यायला गेला होता. आल्यावर मागच्या खोलीत मोठ्यानं बोलला, भांडल्यासारखा. दुसरा आवाज एकदाच ऐकू आला, थंड. "त्यांनी बी नेली होती."
रात्रभर मास्तरांच्या बायकोचा चेहरा समोर. मी दिलेला पोह्यांचा डबा तिनं हातात धरून ठेवला होता, नुसता.

९ एप्रिल
मी बोलावलं त्याला. बाराला, मागच्या खोलीत. खुर्ची दिली. बसला.
विचारलं, एवढा राग कशाचा? माती तर सगळेच नेतात.
सांगितलं. जमेल तसं, उसन्या शब्दांत. तापानं मेला इथे. बरोबरचे व्यापारी पुढे गेले. एकच थांबला, इथला, मणी घडवणारा. गाववाले हात लावेनात. त्यानं एकट्यानं खड्डा केला आणि दोन्ही हातांनी वर माती घातली. दिवसभर. टोपलं नव्हतं त्याच्याकडे. एका दगडाचे दोन मणी केले होते त्यानं, एक ह्याच्या गळ्यात घातला, एक घेऊन गेला.
"आमच्यात मातीबिगर माणूस झोपत न्हाई. मला त्यानं झोपवलं होतं. त्याच्या हातची माती होती, बाई. तुमी गाड्यांनी नेली."
मग ह्यांच्या आवाजात, समजावल्यासारखं, "हे बघ. तुझं छप्पर मी पाडलं नाही, कारण खाली तो निजतो. तीस तारखेला ते खड्डा बुजवणार. दुसरीकडची माती घालून. मग मी एकटा जाणार नाही."
"आणि ह्या छपराची माती तिथे घातली तर?"
"झोपेन."
"आणि अभय?"
त्यावर त्याच्याकडे शब्द नव्हते. माझ्याकडेही नाहीत, तर त्याच्याकडे कुठून येणार, आम्हीच शिकवलेले.
जाताना म्हणाला, "कागदाचं मी सांगितलेलं न्हाई त्याला. ते तुमचं हाय."
त्याला घालवून द्यायला सोपं जावं असा तो असता तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल
आठ दिवस काही लिहिलं नाही. दोनच रस्ते आहेत. माती न्यायची, म्हणजे अभयचा माणूस दुसऱ्यांदा मी घालवायचा. न्यायची नाही, म्हणजे अभय.
आज अ. आंघोळीहून आला. पाठीच्या मणक्यांत माती बसलेली, पाण्यानंही जात नाही. बाळ असताना ह्याच पाठीला हळद-साय लावायची मी.
गयाबाईला म्हटलं, उद्या दोन माणसं आण. माळवद उतरवायचं.
"दादाला इचारलं?"
नाही म्हणाले. तिनं केरसुणी भिंतीला लावली. मग म्हणाली, "मागल्या टायमाला बी इचारलं नव्हतं तुमी. त्या पोराच्या टायमाला." तिला माहीत होतं. चहा करून देणारा होता तो तिला.

१७ एप्रिल
माळवद उतरवलं. अ. पांढरीवर असतानाच. माती अंगणात ताडपत्रीवर ओढली, वरच्या तुळया उघड्या. हाडं निघाली. एक जबडा, दात सगळे धड. गड्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्या वेळी मी जनावराची म्हणाले नाही. सुती धोतर धुऊन ठेवलं होतं ह्यांचं, त्यात ठेवली.
माती पांढरीवर न्यायला ट्रॉली बोलावली नाही. ऐन वेळी बोलावली नाही. ढीग तसाच अंगणात.
अ. आला, ढिगाकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं. पुढच्या खोलीत जाऊन बसला. जेवला नाही.

१८ एप्रिल
सांगितलं. पत्राचं, सगळं. स्वल्पविरामांचंही.
तो बराच वेळ हात धुवत राहिला. नळ बंद केला, पुन्हा सोडला.
"दोन वर्षं मी त्याला फोन करत होतो," म्हणाला. "त्यानं एकदाच उचलला. अभिनंदन म्हणाला. मला वाटलं नोकरीचं म्हणतोय."
मी माफी मागणार होते. तोंडात आलेलं वाक्य इंग्रजी होतं, गिळून टाकलं.
"आणि आता ही माती. आता काय विचारतेस?"
"आता विचारतेय. तेव्हा विचारलं नव्हतं. तू म्हणशील तर पसरेन पुन्हा वर. तू म्हणशील तर ट्रॉली."
"मी म्हणेन तर," तो म्हणाला. "म्हणजे मेलेल्याला मारायचं काम माझ्याकडे."
कंपासपेटी दिली त्याला. मणी हातात घेऊन मागच्या उघड्या खोलीत गेला. भिंतीआडून दोन आवाज येत होते, हळू. मी रेडिओ लावला, मोठ्यानं, ऐकू येऊ नये म्हणून. ह्या घरात पहिल्यांदाच.

२० एप्रिल
अ. माझ्याशी बोलत नाही. चहा घेतो. कप धुऊन ठेवतो, परक्याच्या घरी ठेवतात तसा.
सिस्टर अ‍ॅग्नेसचं खोकं आठवतं. सांगितल्यावर हलकं वाटायचं म्हणे त्या मुलींना. मला वाटलं नाही. कदाचित ऐकणारा परका असावा लागत असेल.

२२ एप्रिल
सकाळी सातला उठले. अ. नाही. मुलं शाळेतून विचारायला आली, सर कुठे आहेत. म्हटलं पांढरीवर असतील. पांढरीवर नाही जायचं म्हणाले आज, सरांनी रात्रीच फोन करून सगळ्यांना सुट्टी दिली.
ह्यांचं धोतर जागेवर नाही. हाडांसकट.
ढीग एका बाजूनं उतरला आहे, दोन पाट्यांइतका. निळा स्वेटर तुळईवर घडी करून ठेवलेला. गयाबाईच्या माती वाहायच्या दोन्ही पाट्या नाहीत.
"दोन खेपा केल्या असतील," मी म्हटलं.
"मग एकच पाटी लागली असती की," ती म्हणाली.
अंगणातून फाटकाकडे, पांढरीच्या वाटेला, पावलं आहेत. अनवाणी. मी चष्मा लावला, मग काढला. एका माणसाची की दोघांची, उन्हं वर यायच्या आत बघायला हवं होतं. बघितलं नाही.
भात दोघांपुरता टाकला आहे, अभयचा आणि माझा. बारा वाजायला आले.