तोतयाचा आवाज

प्रिय बारक्या,

टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी तू माझ्यासाठी बारक्याच. परवा हॉस्पिटलच्या सिस्टरने विचारलं, तुमचे भाऊ केवढे, तर मी हाताने टेबलाएवढी उंची दाखवली. मग माझं मलाच हसू आलं. बऱ्याच दिवसांनी हसले. फोन असताना ताई पत्र कसलं लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर मी रडायला लागते, तू नुसतं बरं, बरं म्हणत राहतोस आणि दोघांचंही सांगायचं राहून जातं. आणखी एक कारण आहे, पण ते शेवटी लिहीन. आधीच लिहिलं तर पुढचं लिहायचा धीर होणार नाही.

बाबांचं तसंच आहे. डोळे उघडे असतात, नजर कुठेच नसते. नाकातल्या नळीने पातळ अन्न जातं. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. डाव्या डोळ्यातून सारखं पाणी गळतं, ते मी पुसत असते. दाढी मीच करते. हॉस्पिटलचा माणूस करतो म्हणत होता, पण त्याने दोन ओढींत गालाची जी दशा केली, ती बाबांनी पाहिली असती तर त्याला दुकानाच्या बाहेर काढलं असतं. म्हणून मी दुकान उघडून त्यांचा वस्तरा घेऊन आले. ते म्हणायचे ना, गिऱ्हाईक हललं तरी चालेल, आपला हात हलता कामा नये. माझं गिऱ्हाईक अजिबात हलत नाही रे. तेच सहन होत नाही.

वस्तरा शोधताना खालच्या खणात साबणाचा तो मोठा पत्र्याचा डबा हाताला लागला. उचलला तर मनगट खाली गेलं, तेव्हा कळलं आत काय आहे. प्रत्येक नाणं अजून मऊ कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेलं, तळहात भरून टाकणारं. तुला आठवतं, बंदरावर बोट लागली की दुकानात कशी गर्दी व्हायची? बाबा खलाशांची दाढी करता करता गळ घालायचे, पुढच्या खेपेला तिकडच्या बाजारातून एखादं जुनं चांदीचं नाणं आण, पण मोठं आण, बटणं नकोत. आणि ती माणसं खरंच आणायची. मेक्सिकोचा गरुड, जपानचा ड्रॅगन, ऑस्ट्रियाची ती भरलेल्या गळ्याची राणी, जिला तू जाडी मावशी म्हणायचास. आई म्हणायची, घरात चांदीचा एक चमचा नाही आणि हा माणूस चांदीच्या थाळ्या जमवतोय. त्यावर बाबा म्हणायचे, अगं, आपण कुठे जातोय जग बघायला? जगच येऊन बसतंय खुर्चीत. आई म्हणायची, मग त्या जगालाच सांगा रात्रीच्या भाकऱ्या थापायला.

आणि आपला खेळ. दुपारी दुकान रिकामं असलं की आपल्याला दोघांना दोन खुर्च्यांवर बसवायचे. चारी बाजूंना आरसे, पाठ फिरवून उपयोग नाही, म्हणून तोंडावर गरम टॉवेल टाकायचे. मग एकेक नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकी मारायचे. टॉवेलखालून आपण ओरडायचं, ड्रॅगन! मावशी! तुझा कान माझ्यापेक्षा तयार होता, मी अर्धी उत्तरं तुझं ऐकून द्यायचे. मधेच ते गुपचूप तोतया घालायचे. त्यांनी पहिल्यांदा घेतलेला, कुणा खलाशाने त्यांच्या गळ्यात मारलेला खोटा गरुड. बाकीची नाणी वाजली की आवाज हवेत कितीतरी वेळ रेंगाळायचा, आणि तोतया नुसता ठक्क करून खोकायचा. आपण ओरडायचो, खोकला, खोकला! टॉवेल फेकून बघावं तर बाबांचं तोंड ठरलेलं. डावी भुवई खाली, उजवी जागच्या जागी. दुसऱ्या न्हाव्याने बिघडवलेलं डोकं घेऊन कुणी आलं की करायचे, तस्सं. इतकी वर्षं तो टाकून का दिला नाही विचारलं तर म्हणायचे, राहू दे, तुमची परीक्षा घ्यायला लागतो.

डबा मी हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले, त्यात काही मोठा विचार नव्हता. त्यांच्याशी बोलायचं सगळं बोलून संपलं होतं. शेजारी कोण आजारी, माझ्या ऑफिसात काय चाललंय, तुझी धाकटी कशी चालायला लागली. पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांच्या कानाशी नाणी वाजवत बसले. सिस्टर आत डोकावून म्हणाली, काय हो ताई, सुट्टे आहेत का? मी म्हटलं, हे सुट्टे कुठलाच दुकानदार घेणार नाही. ती हसून गेली. गरुड वाजवला, मावशी वाजवली, ड्रॅगन वाजवला. काही नाही. त्यांची नजर होती तिथेच. मग तोतया वाजवला, आणि बारक्या, त्यांची डावी भुवई खाली गेली.

मला वाटलं, भास झाला. पुन्हा खरी नाणी वाजवली, चेहरा कोरा. मधेच तोतया, भुवई खाली. क्रम बदलला, वेळ जाऊ दिला, खिडकी लावून घेतली. दर वेळी तोतयालाच भुवई, आणि ती डावीच. मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. ते बिचारे हातातलं काम टाकून आले, खुर्ची ओढून बसले, सगळं ऐकून घेतलं. मी तोतया वाजवला. काही नाही. पुन्हा वाजवला. काही नाही. माझ्या हातातून नाणं निसटून पलंगाखाली गेलं, तर डॉक्टरांनीच वाकून काढून दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ताई, अशा हालचाली आपोआप होतात, घरच्या माणसांना त्यात अर्थ दिसतो, दिसणारच. तुझे भावोजी म्हणाले, तू नीट झोपलेली नाहीस. दोघेही चांगली माणसं आहेत. दोघांवरही माझा राग नाही. पण त्यांनी बाबांचं ते तोंड कधी पाहिलेलं नाही रे. ते तोंड ओळखणारी जगात दोनच माणसं उरलीत.

शुक्रवारी डॉक्टरांना आपलं उत्तर हवंय. पुढच्या तापाला औषध द्यायचं नाही, नळी काढायची, घरी न्यायचं आणि त्रास होणार नाही एवढंच बघायचं. तुझं उत्तर त्यांना तू फोनवर दिलंस. मी अजून दिलेलं नाही, आणि ते माझ्यासाठी थांबलेत. तू दगडाच्या काळजाचा आहेस असं मला एक क्षणही वाटलं नाही. आईच्या शेवटच्या महिन्यांत तिच्या उशाशी तू होतास, मी नव्हते. तिचे हात पलंगाला बांधावे लागले ते तू पाहिलंस. घरी येऊन तू न्हाणीघरात नळ सोडून रडायचास, ते बाबांनीच मला सांगितलं होतं. बाबांचं असं होऊ देणार नाही, हे तू तेव्हाच ठरवलं असशील. मला ते समजतं. कदाचित तुझंच खरं असेल. बाबा आत नसतील तर मी एका रिकाम्या शरीराला सुया टोचतेय. आणि आत असतील तर? रोज त्यांच्याकडे बघते आणि या दोन वाक्यांमध्ये हेलपाटे घालते. लोक बोलतात ते अर्धं ऐकू येतं. काल दाढी करताना अर्ध्यावर थांबून किती वेळ नुसती उभी होते, कोण जाणे. साबण वाळून गेला होता.

आता ते शेवटी ठेवलेलं कारण. डॉक्टर बघून गेल्यापासून मी त्यांच्या खोलीत बोलणं बंद केलंय. नाणीही पुन्हा वाजवली नाहीत. सिस्टर विचारते, कॉन्सर्ट बंद का? काय सांगू तिला? भुवई हलली नाही तर माझं उत्तर ठरलं, आणि हलली तर त्याहून वाईट. कारण नाणी वाजवली त्याच्या आधीच्या रविवारी तुझा फोन आला, तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होते. तुझा आवाज त्यांना ऐकू जावा, एवढ्याच इच्छेने मी स्पीकर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला होता. तुला सांगणारच होते, पण तूच आधी बोलायला लागलास. ताई, बाबा संपलेत गं, तिथे आता फक्त शरीर आहे, सोडून दे. मला स्पीकर बंद करायचं बटण सापडेना. सापडेपर्यंत तुझं बोलून झालं होतं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते तर रोजच येतं. तोतयाचा आवाज त्यांना ऐकू आला असेल, तर तेही ऐकू आलंय, आणि इतके दिवस ते तेवढं एकच वाक्य घेऊन पडून आहेत. ते मी पुसू शकत नाही. मी जर म्हटलं, तुमचा मुलगा असं म्हणाला नाही, तर त्यांना माझं खोटं ओळखू येईल. म्हणून ये. तुझं मत बदलायला बोलावत नाहीये, शपथेवर सांगते. शुक्रवारच्या आधी ये, त्यांचा हात हातात घे, आणि जे बोलायचं असेल ते त्यांच्याशी बोल. आल्यावरही तुला तेच वाटलं, तर तेच म्हण, मी डॉक्टरांना हो म्हणेन. पण मला सांगू नकोस. त्यांना सांग, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणून सांग, त्यांचा मुलगा म्हणून.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई