दरीतली गादी

प्रिय इमाकोलाताताईस,

तुझ्या धाकट्या भावाचे दोन्ही गालांवर पापे. जर्मनीतल्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? भावजींचं पथ्य चालू असेलच (नसेल तर आईला कळवू नकोस, ती तिथवर येईल). इकडे या पत्रातला मजकूर सोडल्यास सगळं क्षेम.

नको असलेली प्रत्येक वस्तू स्मशानामागच्या दरीत, ही आपल्या गावाची जुनी रीत. नव्या नगराध्यक्षा लोरेदानाबाईंनी तिथल्या अंजिराच्या झाडात कॅमेरा दडवला आणि टाकणाऱ्यांचे व्हिडिओ गावच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकवले. कायद्याप्रमाणे चेहरे पुसट केलेले असतात. पण ताई, आपल्याकडे चेहरा बघतो कोण? चौकातले म्हातारे चालीवरून नाव सांगतात, वर आजोबांचंही सांगतात. आणि (अभिमानाने लिहितो) हिरवं जाकीट घालून दंडाची नोटीस पोचवणारा निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, बिनपगारी. मी पाद्रीबाबांनाही सोडलं नाही. चर्चमधली सुकलेली फुलं त्यांनीच फेकली होती.

गेल्या रविवारच्या व्हिडिओत काळ्या शालीतली एक बुटकी बाई गादी ओढत आली, तिने ती दरीत ढकलली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. सगळा चौक माझ्याकडे बघायला लागला. साविनो न्हावी हळूच म्हणाला, "एजिदियो, जाकीट आज जरा घट्ट होतंय का रे?"

नोटीस घेऊन घरी गेलो. आई मिरच्या तळत होती. मी नियम वाचून दाखवला, की मोठ्या वस्तूंसाठी नगरपालिकेला फोन करायचा, ते दारातून उचलून नेतात.

"केला होता फोन," आई म्हणाली. "म्हणे, गादी रस्त्यावर ठेवा, गाडी येईल तेव्हा येईल. तुझ्या बाबांनी तिच्यावरच प्राण सोडला, एजिदियो. ती काय मी येणाऱ्याजाणाऱ्याला बघायला मांडू?"

मी नोटीस खिशात ठेवली. जाकीट काढून जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी लोरेदानाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डोळे पुसले आणि दंड कायम ठेवला. मी देऊ केलेला राजीनामा मात्र घेतला नाही. जाकीट दुसऱ्या कुणाला बसत नाही म्हणाल्या.

तुझा,
एजिदियो

ता. क. नोटिशीवर गादीच्या मालकाचं नाव लागतं. बाबांच्या आजारात गादी तू पाठवली होतीस, म्हणून आईने तुझं नाव सांगितलं. नोटीस पोचेलच. मुकाट्याने भरून टाक.

आणखी एक. पाऊस लागल्यावर आईला राहवेना. तिने मला दरीत उतरवून गादी वर आणवली (दरीतला माल उचलणं हाही गुन्हाच, त्याची नोटीस मी मलाच दिली). आता ती वाळवून तुझ्या खोलीत घातली आहे. ईस्टरला आलीस की तिच्यावरच झोपायचं, आणि आईने विचारलं तर झोप छान लागली असं सांगायचं.