शर्यतीची चाकं

सातारा,
रविवार, ९ फेब्रुवारी १९७५

प्रिय पीरमहंमदभाई,

नमस्कार आणि सलाम दोन्ही धाडतो आहे. आवडेल तो ठेवून घ्या, उरलेला जावईबापूंना द्या.

पत्रास कारण एक गंभीर तक्रार. माझ्या सायकलची घंटी गेले अकरा दिवस वाजत नाही. अगदीच वाजत नाही असं नव्हे. दाबली की एखाद्या विधुरानं जेवल्यावर उसासा टाकावा तसा आवाज येतो. परवा राजवाड्यापाशी एक म्हैस त्या आवाजानं बाजूला व्हायच्या ऐवजी सहानुभूतीनं जवळ आली. पोवई नाक्यावर जो नवा दुकानदार बसला आहे त्याच्याकडे नेली. त्यानं तेल सोडलं, दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, "बदला आता." तुम्ही असता तर तेल सोडून तिला एक सणसणीत शिवी घातली असती. माझा अनुभव असा की तुमच्या दुरुस्तीत तेलापेक्षा शिवीचा भाग मोठा होता. तेव्हा या घंटीच्या दुरवस्थेला सातारा सोडून सांगलीला जाऊन बसलेले आपण जबाबदार आहात, असं मी या पत्रान्वये जाहीर करतो.

बाकी ठीक. नववीच्या वर्गाला धातुरूपं चढत नाहीत आणि मला अजिंक्यताऱ्याचा चढ चढत नाही. आम्ही दोघंही एकमेकांना समजून घेतो.

आपल्या सायकलपटूची, आकारामची, खबर तुम्हाला हवी असेल. प्लास्टर निघालं. हात कानापर्यंत जातो, त्याच्या वर न्यायला गेला की तोंड वाकडं होतं. डॉक्टर म्हणतात, गळपट्टीचं हाड सांधलं आहे, आता सवयीचा प्रश्न. गेल्या आठवड्यापासून मलकापुरातून उंब्रजपर्यंत सायकल मारून परत जातो. कमिटीच्या आप्पासोंनी त्याला सुचवलं की सरावालाही हलके टायर लाव, खांद्याला धक्का कमी बसेल. त्यानं ऐकलं नाही. तुमचाच हवाला देत म्हणाला, "मिस्त्रींनी सांगितलंय, सरावाला जाड म्हंजे जाड."

तुम्हाला तो दिवस आठवतो का? मुंबईहून ती इटालियन टायरांची जोडी आली होती आणि तुमच्या दुकानात आम्ही सगळे बाळंतिणीला बघायला जमावं तसे जमलो होतो. आकारामनं चाक उचललं आणि म्हणाला, "आयला, लय हलकं हाय. रोज हेच घालतो की." त्यावर तुम्ही काय म्हणालात ते मी वर्गातही सांगतो: "रोज पुरणपोळी खाल्लीस तर सणाला काय खाशील रं? जाड टायर खिळा खातंय, खड्डा खातंय, तुझ्या शिव्या खातंय. त्येच्यावर पाय तयार कर. हे पातळ निस्तं रिमला चिकटून बसतंय, दुसरा आधारच न्हाई त्याला. ह्येला वरसातनं एकदाच भाईर काढायचं." मग मला एकट्याला, मी मास्तर असल्यामुळे जास्तच सोपं करून, समजावलंत की जाड टायरच्या कडेला तार असते, ती रिमच्या काठात अडकते, आणि शर्यतीचा टायर म्हणजे ट्यूब पोटात घेऊन शिवून टाकलेली पिशवी, तिला धरून ठेवतं ते फक्त सोल्युशन. सोल्युशन लावल्यावर दोन दिवस वाळू द्यायचं. त्या दोन दिवसांत हात लावायचा नाही.

धडा पाठ आहे, बघा.

एक कामाचं. जिल्हा संघटनेनं दसऱ्याच्या शर्यतीतल्या अपघाताचा लेखी अहवाल मागितला आहे. आपल्या शर्यत कमिटीचा कार्यवाह मी, म्हणून काम माझ्याकडे. आप्पासो म्हणाले, "मास्तर, तुमचं मराठी लय घट्ट. चार वाक्यांत बसवा. चिकटवण्यात हलगर्जी झाली म्हणून लिवा आन् मिस्त्रीचं नाव घाला, म्हंजे पाडव्याच्या शर्यतीला पोरं सांगलीला त्याच्याकडं चाकं न्यायला नकोत." मी "बघतो" म्हणालो. येत्या २३ तारखेला, रविवारी, कमिटीपुढे वाचायचा आहे. तुम्हाला त्यात काही म्हणायचं असलं तर कळवा.

रशीदाला आशीर्वाद. सांगलीचं पाणी मानवतं ना?

आपला,
त्र्यंबक थत्ते


सातारा,
सोमवार, १७ फेब्रुवारी १९७५

पीरमहंमदभाई,

तुमचं कार्ड शनिवारी मिळालं. रशीदासारखं अक्षर माझ्या नववीतल्या एकाचंही नाही. कार्डावर सहा ओळी. चार आकारामच्या खांद्याबद्दल. पाचवी घंटीबद्दल: आतली स्प्रिंगची कमान उलटी बसली असेल, काढून फिरवून घाला. सहावी अशी: "अहवालात काय लिहायचं ते लिहा. माझ्या हातानं चिकटवलं, चूक माझी, असं अब्बा म्हणतात."

घंटी वाजली. कमान उलटीच होती.

सहावी ओळ मी दोन दिवस खिशात घेऊन हिंडतो आहे. मागच्या पत्रात मी तुम्हाला टायरांचा धडा म्हणून दाखवला, तो हुशारी दाखवायला नव्हे. पुढचं वाक्य येईना म्हणून मागची वाक्यं म्हणत बसलो. परीक्षेत मुलं असंच करतात. त्याला मी शून्य देतो.

तर आता पुढचं वाक्य.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुम्ही चाकं चिकटवून माझ्या पडवीत खुंटीला टांगलीत. दसऱ्यासाठी धुवायला आलेल्या सायकलींनी तुमचं दुकान भरलं होतं, म्हणून माझं घर. जाताना तुम्ही बजावलंत, "मास्तर, उद्या पूजा कराल ती सायकलीची करा. हार घालायचा तो दांडीला. चाकाला हात लावायचा न्हाई." मी म्हणालो, "मिस्त्री, मला विधी शिकवता का?" आपण दोघं हसलो.

खंडेनवमीला दुपारी मी पूजा मांडली. तुम्हीही त्या दिवशी आपल्या पान्या-पकडींना झेंडूची माळ घालता, मला माहीत आहे. मला वाटलं, सायकलीची पूजा करायची आणि जी उद्या पळणार ती चाकं कोरडी टांगून ठेवायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं? कुंकू लावलं. काळ्या रबरावर ते टिकेना. मग मारुतीसाठी तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि दोन्ही चाकांना पाच-पाच ठिकाणी बोटं ओढली, टायर आणि रिम भेटतात तिथे, कारण तिथे ती उठून दिसत होती. मंत्र सगळे बिनचूक म्हटले.

संध्याकाळच्या आत शेंदूर ओघळला आणि तेलासकट फटीत, सोल्युशनपर्यंत उतरला. तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. सायकल काढून तुमच्या दुकानी आलो असतो, तर तुम्ही मला चार माणसांत झाडलं असतंत, टायर उतरवून पुन्हा बसवला असतात, आणि अपुरं वाळलं म्हणून आकाराम जाड टायरांवर धावला असता. हरला असता कदाचित. पण खांदा राहिला असता.

मी आलो नाही. बावीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसानं सायकलच्या मिस्त्रीकडून बोलणी खायची, हे मला जड गेलं. हे कागदावर फार क्षुद्र दिसतं. होतंच तेवढं. मी फडकं घेतलं, रॉकेलमध्ये भिजवलं आणि शेंदूर पुसून काढला. चांगला घासून, फटीतसुद्धा, जिथे सोल्युशन होतं; रॉकेलनं तेही सुटतं. पहाटे तुम्ही चाकं बसवायला आलात तेव्हा ती अशी लख्ख होती की तुम्ही म्हणालात, "मास्तर, पुसली व्हय?" मी म्हणालो, "धूळ होती." तुम्ही टायर अंगठ्यानं दाबून पाहायला वाकलात, तेवढ्यात आप्पासोंनी जीपचा हॉर्न वाजवला आणि मी म्हणालो, "चला, मुहूर्त टळेल."

पुढे ऊन चढलं. कराड गेलं. पेठनाक्यावर सांगलीकडे डावं वळण घेताना आकाराम सगळ्यांच्या पुढे होता. जीपमधून आपण तिघांनी पाहिलं: पुढचा टायर केळीच्या सालीसारखा रिमवरून निघाला.

त्यानंतरचं तुम्ही विसरला असाल तर बरं, पण मला वाटत नाही. आकाराम रस्त्याच्या कडेला विव्हळत होता. आप्पासो तुमच्यावर ओरडले, "मिस्त्री, चिकटवलंतच न्हाई का?" तुम्ही टायर उचललात. आतून अंगठा फिरवलात. अंगठा नाकाशी नेलात. आणि माझ्याकडे पाहिलंत. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायला न्यायशास्त्र शिकावं लागतं असं मी समजत होतो; तुम्ही ते रॉकेलच्या वासावरून केलंत. माझ्या नखांत शेंदूर तसाच होता. मी हात धोतराच्या सोग्यात घेतला.

तुम्ही म्हणालात, "माझ्या हातचं काम हाय. चूक माझी."

मग लालासाहेब, आकारामचे मामा, मागच्या मोटारीतून उतरून आले आणि म्हणाले, "दसऱ्याच्या दिशी ह्यांच्या हातात चाकं द्यायचीच कशाला?" तुम्ही ते ऐकलंत. मीही ऐकलं. ज्यानं पूजा केली तो मी तिथे उभा होतो, आणि मी चष्मा पुसत होतो.

महिनाभरात तुमच्याकडे चाकं यायची थांबली. जी यायची ती पंक्चरची. डिसेंबरात तुम्ही दुकानाला कुलूप लावलंत. स्टँडवर पोचवायला मी आलो, तुमची पेटी मीच टपावर चढवली, आणि सांगलीच्या हवेवर विनोद केला. तुम्ही हसलात. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

आकारामला काल मलकापुरात जाऊन सगळं सांगितलं. तो खांदा चोळू लागला. मग एवढंच म्हणाला, "मास्तर, तुमी मला लागलं तवा सांगायला पायजे हुतं. मी मिस्त्रींशी चार म्हयनं बोललो न्हाई." मला शिवी दिली असती तर परवडलं असतं.

अहवाल लिहिला आहे. चार वाक्यांत बसला. मिस्त्रींनी चाकं योग्य रीतीनं चिकटवली होती. कार्यवाहानं मनाई असताना त्या चाकांना तेल व नंतर रॉकेल लावलं. ही गोष्ट त्यानं शर्यतीपूर्वी आणि शर्यतीनंतर लपवली. सबब अपघाताची जबाबदारी सर्वस्वी कार्यवाहाची आहे. खाली माझी सही. रविवारी चार वाजता आप्पासो, लालासाहेब आणि सगळ्या कमिटीपुढे वाचायचा, असं ठरवलं आहे. त्यानंतर त्यांनी मला ठेवावं की काढावं हा त्यांचा प्रश्न. पाडव्याला चाकं कुणी चिकटवायची हे मात्र त्यांना तुम्हालाच विचारावं लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे.

माफी मागत नाही. मागितली की तुम्ही द्याल, आणि मग ती वर्षानुवर्षं माझ्याजवळ राहील, तुमच्याजवळ काहीच राहणार नाही.

एक विनंती आहे. रविवार उलटेपर्यंत मला उत्तर पाठवू नका. तुमचा स्वभाव मी जाणतो. तुम्ही रशीदाला बसवून लिहवाल, "जाऊ द्या मास्तर, झालं ते झालं." मला आप्पासोंची भीती नाही, लालासाहेबांच्या तोंडाचीही नाही. मला खरी काळजी आहे ती एवढीच की तसं कार्ड शनिवारी माझ्या हातात पडलं, तर मी रविवारी हा अहवाल वाचणार नाही.

चार महिने तुमच्या नावाआड उभा राहिलेला,
त्र्यंबक थत्ते