फिरत्या खोलीचे गुण आणि दोष

धाकट्या,

आठ दिवस टेप घेऊन माझा पलंग मोजतोस आणि मी आत आले की कागद खिशात कोंबतोस, ही कुठली रीत? मला वाटलं, तू नि सूनबाई वेगळं घर बघताय. घास उतरत नव्हता.

आज धुवायच्या पँटच्या खिशात तो कागद सापडला. एकेक अक्षर लावून वाचला. गाडीमागे जोडून आडवाटेने न्यायची फिरती खोली! जीव भांड्यात पडला माझा.

गुण बरे लिहिलेस: उंच चाकं, दगडधोंड्यातून चालते, थांबू तिथे बिछाना. पण कागदाच्या मागल्या बाजूच्या चित्रात संडास दिसतोय, तो लिहिलाच नाहीस. आडरानात तोच पहिला गुण, बाबा! दोषांत वजन धरलंस ते बरोबर. आपली गाडी चढावर धापा टाकते, आधी मेकॅनिकला विचार.

आणि शेवटचा दोष, "आईला पायरी उंच पडेल." म्हणजे मला नेणार होतास, म्हणून माझा पलंग मोजत होतास तर! पायरीखाली ठेवायला लाकडी ठोकळा करून घ्यायला सुताराकडे चाललेय. दूध तापवून ठेव.

आल्यावर तोंडावर सांगणारच आहे, आत्ता वाचून घे: खोली घे, पण पुन्हा आईला दोषांत लिहिलंस तर बघ.