इस्त्रीवाली ठेकेदारीण

३ मार्च

मालक आज टाळ्या वाजवत आला. मला वाटलं, पोरीचं लग्न ठरलं. कसलं काय! लॉन्ड्रीतल्या आम्हा सगळ्या बायकांना मळक्या चादरींच्या ढिगापाशी उभं केलं आणि म्हणाला, "आजपासून इथे कुणी नोकर नाही. तुम्ही सगळ्या स्वतंत्र ठेकेदार!"

धुलाईवाली म्हणाली, "म्हणजे घरी जाऊ?"

तर खेकसला, "घरी कशाला? मशीन लाव!"

सह्या घेतल्या. अक्षर मुंगीएवढं. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं कळलं — पगारी रजा गेली, दुखण्याखुपण्याचा खर्च गेला. बाकी सगळं होतं तसंच.

४ मार्च

ठेकेदारीणबाई जरा उशिरा पोचल्या. दंड कापला!

११ मार्च

वाफेच्या इस्त्रीच्या मशीनचं जड झाकण हातावर पडलं. डाव्या. स्प्रिंग सैल झालीय म्हणून कधीची बोंबलतेय, ऐकतोय कोण! पंजा टम्म फुगलाय, कातडी सोलली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर या हाताने काडी उचलायची नाही.

मालकाकडे गेले. म्हटलं, भरपगारी रजा द्या, औषधपाण्याचं बघा. तर आवाज गुळासारखा — "ताई, तुम्ही आता व्यावसायिक. तुमचा धंदा, तुमचा धोका. मी मध्ये बोलणारा कोण?"

बोलणारा कोण म्हणे! आणि झाकण कुणाचं?

महिनाभर बिनपगारी बसले तर खायचं काय? चादरी?

१२ मार्च

हात ठणकतोय. डोकंही. नवरा म्हणतो, "जाऊ दे, गप पड." गप पडणं मला कधी जमलंय!

मी ठेकेदार ना? मग ठेकेदारासारखीच वागणार.

१३ मार्च

माझ्या जागी धाकट्या जावेला पाठवलं. बजावून — आठाच्या ठोक्याला हजर, घडी माझ्या पद्धतीची, मध्ये गप्पा नाहीत. तिचा रोज मीच ठरवला.

मालकाचा फोन. "ही कोण बाई?"

"माझं माणूस."

"मला न विचारता?"

"ठेकेदार कुणाला विचारतो?"

फोन आपटला. पण चादरींचा डोंगर साचला होता, म्हणून जावेला हाकललं नाही.

१७ मार्च

समोरच्या लॉन्ड्रीचंही काम घेतलं! हॉटेलांचे टेबलक्लॉथ. लॉन्ड्रीतून सुटली की जाऊ माझ्या घरी येऊन इस्त्री करते, मी खुर्चीत बसून सुरकुत्या दाखवते. नवरा म्हणतो, "तुमच्या मालकापेक्षा तूच जास्त ओरडतेस." हात ठणकतो, मग ओरडू नको तर गाणी म्हणू?

१९ मार्च

मालकानं जावेला रस्ता ओलांडताना बघितलं — डोक्यावर समोरच्याचं गाठोडं! नाकाचा शेंडा लाल. तडक कामगार कचेरीत गेला, माझ्यावर तक्रार ठोकायला. त्याचा हिशेबनीस मागे पळत होता म्हणे — "साहेब, कुठेही जा, पण तिथे नको!" रागात असला की त्याला बाप आठवत नाही, हिशेबनीस काय चीज!

२४ मार्च

कचेरीत बोलावणं. अधिकारीणबाई माझ्याच वयाची, चेहरा इस्त्री केलेला — एक सुरकुती हलेल तर शपथ.

"तक्रार काय?"

"माझी कामगार, आणि मला न विचारता दुसऱ्याचं काम करते!"

"हिच्या कामाची वेळ कोण ठरवतं?"

"मी!"

"उशीर झाला तर?"

"दंड कापतो! सोडतो की काय!"

"यंत्रं कुणाची?"

"माझी! तिथलं सगळं माझं!"

हिशेबनीसानं कपाळावर हात मारला. मालक मात्र तोऱ्यात, छाती फुगवून. मी गप्प. जन्मात पहिल्यांदा! काही बोलायची गरजच नव्हती, हाच सगळं बोलत होता.

बाई म्हणाल्या, "मग सही काहीही असो, ही तुमची कामगारच. भरपगारी रजा द्या. हाताचा खर्च द्या. बाकीच्या बायकांनाही हेच लागू."

मालकाचं तोंड पिळलेल्या मोज्यासारखं झालं.

२८ मार्च

रजेचा पगार आला. औषधांचेही आले. झाकणाला नवी स्प्रिंग बसली. धुलाईवाली गळ्यात पडली — "ताई, आमच्या पुढारी तुम्ही!" मी म्हटलं, हात सोड आधी, दुखतोय.

समोरच्याचे टेबलक्लॉथ मात्र चालूच ठेवलेत. जाऊ आहे की घरची.

३१ मार्च

जावेला ताप. टेबलक्लॉथ तसेच पडून. दीर दारातूनच म्हणाला, "वहिनी, तिचा आजचा रोज कापू नका. औषधाचंही जरा बघा."

मी फटकन म्हटलं, "घरातल्या घरात कसली आलीय रजा?"

तो मान खाली घालून म्हणाला, "ती म्हणते, मग कचेरीतल्या बाईंनाच विचारू."

ताप उतरायच्या आत पैसे पोचवले.