डावं वळण

अब्बा, काल मी तुम्हाला पाहिलं. तुम्हाला मातीत ठेवून इतकी वर्षं झाली, आणि काल दुबईच्या मॉलमध्ये, तिथे केलेल्या कृत्रिम बर्फाच्या उतारावर, तुम्ही मला दिसलात. म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

आधी हसाल तुम्ही. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि पन्नाशीचा तुमचा मुलगा जाडजूड जॅकेट घालून लेकीबरोबर स्कीइंग शिकतोय. उजवीकडचं वळण मला लवकर जमलं. डावीकडचं काही केल्या जमेना. पाय सटकायचे, मी आपटायचो. शिकवणारी लेबनीज बाई सांगायची, "डावीकडे वळताना सगळा भार बाहेरच्या पायावर, म्हणजे उजव्या." मग तिने सराव दिला. वळण पुरं होईपर्यंत डावी स्की बर्फावरून उचलून धरायची, नुसत्या उजव्या पायावर उतरायचं. मी उचलायचो आणि लगेच टेकवायचो. "उजव्या पायाला जुनी दुखापत आहे का?" तिने विचारलं. नाही म्हटलं. खरंच नाही.

काल तिने मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला. "बघा, उजव्या पायावर भार यायच्या आतच तुम्ही अंग डावीकडे टाकता." मी पाहिलं. हेल्मेट घातलेला तो माणूस मी नव्हतोच, तुम्ही होतात. "बाबा, आर यू ओके?" लेक विचारत होती, आणि मी खोर फक्कानच्या आपल्या जुन्या घरात होतो, तुम्ही तिथल्या बंदरावर कामाला होतात तेव्हाच्या. बंदरात साखळी तुटून तुमच्या उजव्या गुडघ्यावर बसली, त्यानंतरचे दिवस. तुम्ही तो पाय चोरत, अंग डावीकडे टाकत स्वयंपाकघरात येता, ओटा धरता. मागून मी, लहानगा, अगदी तस्साच. मला वाटतं मोठी माणसं अशीच चालतात. अम्मी हसते. तुम्ही वळून बघता आणि फाडकन माझ्या तोंडात मारता. "माझ्यासारखा चालू नको! सरळ चाल!" त्याआधी कधी मारलं नव्हतंत, नंतरही नाही. मग स्वतःच खाली बसलात, तो पाय लांब करून, आणि माझे दोन्ही गुडघे चाचपत राहिलात.

मला वाटायचं, तुमच्यासारखं चालणं त्या दिवशीच सुटलं. घरी येऊन बायकोला व्हिडिओ दाखवला. तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. ती सहज म्हणाली, "यात काय? तुम्ही असेच तर चालता. लग्नापासून."

आज पुन्हा गेलो. डावी स्की उचलली, खांदे सरळ ठेवले, आणि अख्खं वळण उजव्या पायावर उतरलो. पाय लटपटला, पण त्याने मला धरलं. लेक खालून ओरडली, "यू डिड इट!" बाई म्हणाली, "खलास! गेली ती सवय." मी मान डोलावली.

हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून सांगतो. शेवटच्या फेरीला त्या दोघी पाठमोऱ्या बोलत उभ्या होत्या. तेव्हा एक डावं वळण मी मुद्दाम तुमच्यासारखं घेतलं. सपशेल आपटलो. कुणी विचारायच्या आत उठून बर्फ झटकला.