मी राखणदार

ता. १७ नोव्हेंबर
आला एकदाचा हर्षद. आत्माराम भावोजींचा धाकटा. रत्नागिरीला वकिलीच्या कॉलेजात नाव घातलंय, राहणार इथे हातखंब्याला माझ्याकडे. मला विचारलं कुणी? हे गेले तेव्हा भावोजी तेराव्यालासुद्धा थांबले नव्हते — आता वैनी, वैनी! पोरगा बरा आहे. खातो. ताट उचलत नाय.

ता. २६ नोव्हेंबर
माडीवर मोठमोठ्यानं पाठ करतो. ताबा, वहिवाट, तोंडी वाटप. म्हटलं, अरे, तोंडी वाटप तर आमचंच झालंय! मामंजींनी ओटीवर बसून सांगितलं — मुंबईची खोली आत्मारामाला, हे घर नि कलमं थोरल्याला, म्हणजे ह्यांना. कागद नाय केला. शब्द होता.
पोरग्यानं पुस्तक मिटलं. हळूच, "अजून कोण होतं ओटीवर?"
कोण असणार! बाकीचे गेले वर. तुझा बाप नि मी, दोघंच उरलो.

ता. ८ डिसेंबर
नवीन खूळ. कॉलेजात खोटं कोर्ट भरतं म्हणे, त्याचा सराव. तो वकील, मी साक्षीदार. मधे मोबाईल पालथा — चुका नंतर ऐकायच्या.
घर कुणाचं? माझं. घरपट्टी कुणाच्या नावावर? अजून मामंजींच्याच. "मग तुम्ही इथे कोण?"
डोकं सणकलं. "मी कोण? मी राखणदार या घराची, मेल्या!"
हसला नाय. परत तेच विचारलं. मी परत सांगितलं, अजून जोरात. राखणदार म्हणजे जागेवाला, जागेचा देव. दर वर्षी नारळ-कोंबडा देतो आम्ही त्याला. त्याला कोण हलवणार? मुंबईच्या पोराला काय कळतंय.

ता. ९ डिसेंबर
आज सराव नाय. झाला म्हणे.

ता. २१ डिसेंबर
भावोजींचा फोन. आपणहून! "वैनी, घर चांगलं राखलंत हो."
राखलंत? माझं घर मी राखलं, त्यात ह्यांनी शाबासकी कसली द्यायची? फोन ठेवला तरी शब्द कानातून जाईना. हायवे रुंद झाला तशी इथली जागा सोन्याची झाली, शेजारची कमळा सांगत होती. होऊ दे. मला विकायची नाय.

ता. ४ जानेवारी
कमळा गडग्यावरून विचारते, दुपारी माडीवर कुणावर ओरडत होतीस?
मी दुपारभर पऱ्ह्यावर. धुणं धूत.
हात धुऊन आत आले तर — वरून माझाच आवाज! "मी राखणदार या घराची." थांबला. परत तेच. आधीचं "माझं" कुठंच नाय. मी जिना चढले तर मोबाईल खिशात. "अभ्यास, काकी."

ता. ५ जानेवारी
जेवताना विचारलं, तुमच्या कायद्यात राखणदार म्हणजे कोण रे?
"दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा. त्याचा स्वतःचा हक्क नसतो."
आणि ह्या घराचा दुसरा कोण?
भात कालवत राहिला. खाल्ला नाय.

ता. ६ जानेवारी
हर्षद गेला. कॉलेजजवळ खोली मिळाली म्हणे. जाताना पाया पडला. आज ताटही उचललंन.

ता. १८ फेब्रुवारी
कोर्टाचा कागद आला. भावोजी म्हणतात वाटप झालंच नाय, घर दोघांचं, वैनी नुसती राखणदार. माझ्याच तोंडचं, म्हणे. दुपारी हर्षदचा फोन.
"काकी, साक्षीला घाबरू नका. प्रश्न तेच आहेत."